माझ्या फोनवर जाऊबाई पहिल्या

‘आपला नंबर कितवा आहे, हे आपल्याच फोनवर कधीही बघू नका!’

हा इशारा मला अगदी वेळेवर मिळाला होता, हे आधीच कबूल करून टाकते. फुकटच्या कोर्सचा पहिला धडा, चौथं मिनिट. पडद्यावरचे चष्मेवाले सर बोट नाचवत हे सांगत होते आणि नेमकी त्याच वेळी आमची दोन वर्षांची कन्या हातात चमचा घेऊन भिंतीतल्या चार्जरकडे निघाली होती. मी धावले. चमचा हिसकावला. तिची बोटं मोजली. दहा भरली. बारशाला ठेवलेलं तिचं नाव कुणाला आठवत नाही. हाती लागेल ती वस्तू कुठेतरी दडवून ठेवते म्हणून सगळे तिला खारूताईच म्हणतात. चार्जरवर उशी दाबून मी परत येऊन बसले, तोवर सर ‘का बघू नका’ ते सांगून पुढे गेलेसुद्धा होते.

मागे नेऊन ऐकता आलं असतं. पण मी म्हटलं, जाऊ दे! आपल्या फोनवर नाही बघायचं तर काय शेजारणीच्या फोनवर बघायचं? मी काही अडाणी नाही. कॉलेजात दुसरी आले होते मी! (पहिली कोण आली होती, ते मला अजून आठवतं. तिच्या वेणीच्या रिबिनीसकट.)

हा कोर्स होता एसईओचा. म्हणजे असं बघा, लोकांनी इंटरनेटवर काही शोधलं की आपली वेबसाइट इतरांच्या आधी दिसावी, म्हणून करायची खटपट. आणि ही खटपट मी का करत होते? कारण माझ्या जाऊबाई.

आमच्या घरात घरंच चालतात. म्हणजे घरं भाड्याने लावून द्यायची, विकून द्यायची, हा सासऱ्यांपासूनचा धंदा. सासरे गेले, पण त्यांचा एक नियम मागे राहिला: गिऱ्हाईक घर बघत असताना दलालाने तोंड उघडायचं नाही. त्याला हवा तितका वेळ घरात राहू द्यायचं. ‘घर स्वतःच बोलतं, आपण मध्ये बोललो की ते गप्प बसतं,’ असं ते म्हणायचे. दोन्ही मुलगे हा नियम अजून पाळतात. बाकी एकाही बाबतीत त्यांचं पटत नाही. म्हणून तर दोन वर्षांपूर्वी एका दुकानाची दोन दुकानं झाली. वाटणीत टेबल मोठ्या दिरांकडे गेलं आणि खुर्च्या आमच्याकडे आल्या. पहिले तीन महिने ते उभ्याने सह्या करायचे आणि आम्ही मांडीवर!

वाटणी झाली नाही ती फक्त सासूबाईंची. एक आठवडा त्या आमच्याकडे असतात, एक आठवडा तिकडे. येताना पिशवीत कपडे कमी आणि बातम्या जास्त.

अशाच एका आठवड्यात बातमी आली, की जाऊबाईंनी वेबसाइट काढली आहे! मी ‘अरे वा’ म्हणाले, आत गेले, दार लावलं आणि बघितली. पहिल्याच पानावर जाऊबाई! हाताची घडी, मान जराशी तिरकी, चेहऱ्यावर असं हसू की जणू जगातल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या यांच्याच पदराला! आणि घरांचे फोटो तरी किती! माझं लक्ष बारीक आहे, त्यामुळे मला एक गोष्ट लगेच दिसली. प्रत्येक घरात, प्रत्येक टेबलावर एकच फुलदाणी. पिवळ्या फुलांची. ही बाई फुलदाणी काखेत मारून घरोघर हिंडते! मी ते नवऱ्याला दाखवलं, तर तो म्हणाला, “छान दिसतेय की.”

छान दिसतेय!

मग आम्हीही वेबसाइट काढली. घाईघाईने, नऊ पानांची. आणि ती कुणी बघेना. शेवटी एका सकाळी नवरा दाढी करता करता आरशाला म्हणाला, “या महिन्याअखेरपर्यंत वेबसाइटवरून एक गिऱ्हाईक आलं नाही, तर शटर ओढतो आणि दादाच्या ऑफिसात जाऊन बसतो. दादा म्हणालाय, वहिनीच्या हाताखाली एक जागा आहे.”

“वहिनीच्या हाताखाली?”

“हो. फोटो-बिटो काढायला माणूस हवाय त्यांना.”

माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: पुढे जाऊबाई, हाताची घडी घालून. मागे माझा नवरा, काखेत फुलदाणी!

“एक महिना दे मला,” मी म्हणाले. “तुझ्या वहिनींना पहिल्या नंबरवरून खाली नाही खेचलं, तर नाव लावणार नाही!”

“कुणाचं?”

“ते नंतर ठरवू!”

झालं, माझं शिक्षण सुरू झालं. खारूताई दुपारी एक ते तीन झोपते. झोप म्हणजे कशी, पलीकडच्या खोलीत लसणाची पाकळी पडली तरी डोळे टक्क! त्यामुळे मी कानात तार घालून, श्वाससुद्धा हप्त्याहप्त्याने घेत शिकत होते. मध्येच उठून तिच्या नाकापुढे बोट धरून बघायचं, श्वास चालू आहे ना, आणि परत येऊन बसायचं.

सर म्हणाले, लोक जे शब्द शोधतात ते आपल्या पानावर असायला हवेत. मी म्हटलं, अहो, मग अडलंय कुठे! लोक ‘भाड्याने घर’ शोधतात. मी एका बैठकीत पान लिहून काढलं. संध्याकाळी नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं.

“‘भाड्याने घर हवंय? भाड्याने घर शोधताय? मग भाड्याने घर शोधणाऱ्यांसाठी आमचं भाड्याने घर म्हणजे भाड्याने घरांतलं भाड्याने घर!’” त्याने फोन खाली ठेवला. “हे वाचून माणसाला घर नको होईल गं. डॉक्टर हवा होईल.”

“यंत्राला आवडतं असं!”

“यंत्र राहायला येणार आहे का?”

दुसऱ्या दिवशी सरांनी नेमकं तेच सांगितलं. एकच शब्द कुटून भरू नका, यंत्र चिडतं. नवऱ्याला हे मी सांगितलं नाही. संसारात काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात.

शिकता शिकता माझी एक दिनचर्या झाली. सकाळी उठलं की फोन उघडायचा, ‘भाड्याने घर’ शोधायचं आणि जाऊबाई कितव्या आहेत ते बघायचं. मग आत जाऊन नवीन काय टाकलंय ते बघायचं. किती वेळा, म्हणाल तर फार नाही. दूध तापेपर्यंत एकदा. ते उतू गेलं की पुसता पुसता एकदा. खारूताई एक घास चावते तेवढ्यात दोनदा (ती घास गालात धरून बसते, वेळ मिळतो). दवाखान्यात नंबर येईपर्यंत पाच-सहादा. एवढंच!

आणि नवल बघा! पहिल्या आठवड्यात जाऊबाई होत्या पाचव्या. दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या. तिसऱ्या आठवड्यात थेट पहिल्या! अभ्यास करत होते मी आणि वर जात होत्या त्या! माझ्या पोटात असा काही भडका उठायचा की त्यावर दूध तापलं असतं. झोपेतसुद्धा मला ती हाताची घडी दिसायची.

“त्यांनी कुणीतरी तज्ज्ञ ठेवलाय,” मी नवऱ्याला म्हणाले. “त्याशिवाय का रोज वर चढतायत!”

“वहिनींनी? त्या तर भाजीवाल्याकडे कढीपत्तासुद्धा फुकट मागून घेतात.”

“तेच तर! फुकटात नंबर मिळवला म्हणजे बघ!”

अंधारात एकच दिवा होता. आपल्या वेबसाइटवर किती जण येऊन गेले त्याचा तक्ता सरांनी बघायला शिकवला होता. त्यात मला दिसलं, की एक पाहुणा रोज न चुकता येतो. एकच. पण दिवसातून तीस-तीस, चाळीस-चाळीस वेळा! सगळी नऊ पानं बघतो, जातो, परत येतो. मला भरून आलं. बिचाऱ्याला आमची सगळीच घरं आवडली असणार! यातलं घेऊ की त्यातलं, अशा पेचात पडला असेल. मी मनात त्याचं नाव ‘निष्ठावंत’ ठेवलं. नवऱ्यालाही सांगितलं, “थांब. निष्ठावंत ठरवतोय. महिनाअखेरपर्यंत फोन करणार बघ.”

मग आला अभ्यासाचा पाचवा धडा. तिथूनच सगळं बिघडलं.

सर म्हणाले, ‘सराव म्हणून तुम्हाला सगळ्यात जास्त ठाऊक असलेल्या घराबद्दल एक पान लिहा. ‘प्रशस्त’, ‘हवेशीर’ असे शब्द विसरा. राहणारा माणूस नेमकं काय विचारेल त्याचं खरं उत्तर लिहा. फोटोखाली फोटोत काय आहे ते लिहा, कारण यंत्राला डोळे नसतात. पण हे पान सरावाचं आहे. लोकांना दिसू देऊ नका.’

मला सगळ्यात जास्त ठाऊक असलेलं घर कोणतं? हेच, आमचं! मी लिहिलं आणि काय लिहिलं! आधी मथळा: ‘दुपारी झोप लागेल असं शांत घर’. मग एकेक खरं. दुपारी बारा ते तीन या घरात आवाज येत नाही, कारण वरच्या मजल्यावरची ढोल शिकणारी मुलगी तेव्हा कॉलेजात असते. झोपायच्या खोलीची खिडकी मागच्या भिंतीकडे आहे, त्यामुळे रस्ता ऐकू येत नाही. न्हाणीघराचं दार करकरतं, पण जरासं उचलून लावलं तर नाही करकरत. स्वयंपाकघराच्या फोटोखाली: ‘स्वयंपाकघर. ओट्यावर कालची भांडी.’ झोपायच्या खोलीच्या फोटोखाली: ‘पलंग. गादी मधोमध जरा खोल आहे, पण तिथेच झोप चांगली लागते.’ पत्त्याशिवाय पान पुढे जाईना, म्हणून पत्ता टाकला. आपलाच.

लिहून झालं आणि सवयीने जाऊबाईंच्या वेबसाइटवर एक नजर टाकली. त्यांची पानं झाली होती एकेचाळीस! आमची नऊ!

माझं बोट आपोआप ‘प्रसिद्ध करा’वर गेलं. नवाची दहा तरी होऊ देत! महिनाभराने काढून टाकू, असं म्हटलं. कोण येतंय बघायला!

आठ दिवस गेले. महिना संपायला तीन दिवस उरले. निष्ठावंत रोज येऊन जात होता, पण फोन काही करत नव्हता. नवऱ्याने दुकानातल्या खुर्च्या पुसून एकावर एक रचायला घेतल्या होत्या.

त्या दिवशी मी खारूताईला घेऊन डोस द्यायला दवाखान्यात गेले होते. घरी सासूबाई होत्या, त्यांचा आमच्याकडचा आठवडा होता. परत आले तर दारात बूट! एवढे मोठे की खारूताई एकात उभी राहिली असती. माझ्या नवऱ्याचे पाय लहान आहेत, हे लग्नातच उघड झालं होतं. दार उघडंच होतं. आत बेडरूमच्या बंद दारासमोर सासूबाई खुर्ची टाकून बसलेल्या. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू! गिऱ्हाईक झोपलंय.”

“काय?” मी किंचाळले, पण कुजबुजत. दोन वर्षांत ही कला साधली आहे मला. “कोण झोपलंय? कुठे?”

“बेकरीत असतो. रात्रपाळी. दिवसा झोप मिळत नाही म्हणून घर बघत होता. फोनवर आपल्या पलंगाचा फोटो घेऊन आला. म्हणाला, दुपारी झोप लागते म्हणून लिहिलंय, जरा पडून बघू का? मी म्हटलं, बघा.”

“आई! अनोळखी माणसाला तुम्ही आपल्या पलंगावर—”

“श्श! घर बोलतंय त्याच्याशी. मध्ये बोलायचं नाही.” मग त्यांचे डोळे भरून आले. “पण तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाहीत. मी काय परकी? हे घर भाड्याने काढताय म्हणजे मोठं घर घेतलं असणार. मला मेलीला परक्या माणसाकडून कळावं!”

“मोठं घर? कुणी? आई, अहो ते सरावाचं पान—”

“मी आत्ताच मोठीला फोन करून विचारलं, तुला तरी ठाऊक होतं का गं? ती निघालीय इकडे.”

माझ्या हातून पिशवी पडली. खारूताईने हळूच एक बूट उचलला आणि ती कुठेतरी चालती झाली. मला ते तेव्हा दिसलं, पण त्या वेळी बुटाचं काय घेऊन बसलात!

एवढ्यात नवरा आला. दारात एकच बूट बघून थबकला. त्याच्या तळव्याशी आपलं पाऊल लावून बघितलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

“कोण आलंय?”

“हळू बोल.”

“हळू का? कुठे आहे तो?”

“बेडरूममध्ये. झोपलाय.”

नवऱ्याचा चेहरा असा झाला की, खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं. लग्नाला पाच वर्षं झाली, पहिल्यांदाच माझ्यावरून कुणाचा तरी जळफळाट होत होता! पण ते सुख क्षणाचं. सासूबाई म्हणाल्या, “गिऱ्हाईक आहे रे. वेबसाइटवरून आलंय.”

“वेबसाइटवरून?” त्याचा चेहरा उजळला. पुढच्याच क्षणी विझला. “पण झोपलंय आपल्या पलंगावर!”

“गादी मधोमध खोल आहे, असं हिने जगाला सांगितलंय,” सासूबाई म्हणाल्या.

आणि तेवढ्यात जाऊबाई आल्या! जिना धावत चढल्यामुळे धाप लागलेली, पण हाताची घडी तश्शीच! आत येताच सुरू, “मोठं घर घेताय आणि आम्हाला पत्ता—”

“श्श!” आम्ही तिघं एकदम.

त्यापुढचं भांडण आमच्या घराण्यातलं पहिलं भांडण, जे एकाही शेजाऱ्याला ऐकू गेलं नाही. दाराच्या आत गिऱ्हाईक घर बघत होतं, म्हणजे घोरत होतं आणि सासऱ्यांचा नियम मोडायची कुणाची छाती नव्हती.

“घेणारच तुम्ही मोठं घर,” जाऊबाई कुजबुजल्या. “का नाही घेणार! जिकडे शोधावं तिकडे तुम्ही पहिले! महिनाभर बघतेय मी!”

“मी पहिली?” मी कुजबुजले. “ताई, पहिल्या तुम्ही आहात! जखमेवर मीठ कशाला चोळता!”

“मी? मी कधी पहिली होते गं! रोज सकाळी उठून तुझंच तोंड बघते! गेल्या आठवड्यात ते दहावं पान टाकलंस ना, काढ ते. पडदा वाकडा आलाय फोटोत. आणि चौथ्या पानावरच्या मोरीचा फोटो तू तीनदा बदललास!”

मोरीचा फोटो मी तीनदा बदलला होता, हे नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. ते जगात एकालाच ठाऊक असणं शक्य होतं.

“ताई,” मी म्हणाले, “तुम्ही आमची वेबसाइट दिवसातून किती वेळा बघता?”

“बघते अधूनमधून.”

“तीस-चाळीस वेळा?”

जाऊबाईंच्या हाताची घडी सुटली. पहिल्यांदाच! त्या फुलदाणीसारख्या उभ्याच राहिल्या. निष्ठावंत तो! माझा एकुलता एक निष्ठावंत वाचक! ज्याच्यासाठी मी मोरी तीनदा घासून फोटो काढले होते!

मग मी माझा फोन काढला, त्यांनी त्यांचा. दोघींनी ‘भाड्याने घर’ शोधलं. माझ्या फोनवर जाऊबाई पहिल्या. त्यांच्या फोनवर मी पहिली. आम्ही फोन अदलाबदल करून बघितले, उलटे करून बघितले. सासूबाई शांतपणे हे सगळं बघत होत्या. त्यांनी कनवटीचा आपला फोन काढला. त्यावर त्या नातीचे फोटो बघतात आणि मुलांना फोन करतात, बाकी काही नाही. जन्मात त्यावर काही शोधलेलं नाही.

“यावर बघा.”

बघितलं. पहिलं भलतंच कुणीतरी. दुसरंही भलतंच. नवरा बोटाने खाली सरकवत राहिला. एक पान झालं, दोन झाली, तीन झाली. चौथ्या पानावर सदतिसाव्या जाऊबाई. अडतिसावे आम्ही.

“तिच्या फोनवर तू वर, तुझ्या फोनवर ती वर,” सासूबाई म्हणाल्या, “आणि गावाला दोघींचा पत्ता नाही. चांगलं चाललंय.”

तेव्हा मला ते चौथं मिनिट आठवलं. तिथेच भिंतीला टेकून, कानात तार घालून मी ते परत ऐकलं. सर म्हणत होते, ‘कारण तुम्ही सारखं जे बघता, तेच तुम्हाला आवडतं, असं यंत्राला वाटतं आणि तेच ते तुम्हाला वर आणून दाखवतं.’

आवडतं! म्हणजे महिनाभर यंत्राला वाटत होतं, की माझा जाऊबाईंवर जीव जडलाय!

बेडरूमचं दार करकरलं. (तेही करकरतं, हे लिहायचं राहिलं होतं.) बेकरीवाला बाहेर आला. दाराएवढा माणूस, गालावर आमच्या उशीच्या घड्या.

“किती दिवसांनी सलग दोन तास झोपलो!” तो म्हणाला. “पक्कं. हेच घर घेतो.”

“हे घर द्यायचं नाहीये हो,” मी म्हणाले आणि रडकुंडीला येऊन सरावाची सगळी कहाणी सांगितली. त्याचा चेहरा पार पडला. तो बूट घालायला वळला. बूट एकच! दुसरा काही सापडेना. खारूताईला विचारलं तर ती छताकडे बघू लागली. सगळे शोधायला लागले. पलंगाखाली, कपाटात, पिठाच्या डब्यात. त्यामुळे बेकरीवाला काही हलू शकेना आणि तेवढ्यात नवऱ्याने आपला धंदा सुरू केला.

“आमच्याकडे दुसरं एक घर आहे. स्टेशनरीच्या दुकानाच्या मागचं. प्रशस्त, हवेशीर, भरपूर उजेड—”

“उजेड नको,” बेकरीवाला म्हणाला.

ते घर आठ महिने पडून होतं. मी ते बघितलं होतं. नवऱ्याने डोळे वटारले, पण माझ्या तोंडून निघून गेलं, “भरपूर उजेड कुठला! भर दुपारी दिवा लावावा लागतो तिथे. खिडकी एकच, तीही गोदामाच्या भिंतीवर उघडते. पुढे वह्या-पेन्सिलींचं दुकान, मागे कागदाची गोदामं. आवाज नावाला नाही. दिवसासुद्धा रात्र वाटते. कुणी घेत नाही.”

नवऱ्याने कपाळावर हात मारला. बेकरीवाल्याच्या डोळ्यांत मात्र चांदणं पडलं.

“दिवसा अंधार?” तो हळूच म्हणाला, जणू मोठ्याने बोललं तर ते घर उडून जाईल. “पूर्ण?”

एका पायात बूट आणि एका पायात सासूबाईंची चप्पल घालून तो नवऱ्याबरोबर गेला. सासऱ्यांचा नियम पाळून नवरा दाराबाहेर उभा राहिला आणि तोंड मिटून पाऊण तास थांबला. आतून घोरणं ऐकू आलं तेव्हा त्याने मला फोन केला. “घेतलं त्याने! वेबसाइटवरून! शटर नाही ओढत मी!”

मी आनंदाने खारूताईला उचलून घेतलं. सासूबाईंनी डोळे पुसले. आणि जाऊबाई? त्या सासूबाईंच्या फोनवर बोटाने काहीतरी टाइप करत होत्या: ‘दुपारी झोप लागेल असं शांत घर’. पहिले आम्ही. आणि खाली दूरवर कुठेही त्या नव्हत्या!

“मी कुठाय?” त्या म्हणाल्या.

“इथे नाही आहात ताई,” मी म्हणाले. तीन आठवड्यांत इतकं गोड वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

त्यांनी फोन सासूबाईंना परत दिला. मग जायला उठल्या, दारात थांबल्या, हाताची घडी घातली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “ते चष्मेवाले सर म्हणालीस ना, ते कुठे असतात गं?”

मी सांगितलं. काय करणार! माणसाचं मन आनंदात असलं की तोंडाला कुलूप राहत नाही.

त्याला आता तीन आठवडे झाले. सरावाचं पान मी काढून टाकलंय. दुसरा बूट तांदळाच्या डब्यात सापडला, तो पोचवला. (त्या तांदळाचं विचारू नका.) दुकान चालू आहे. नवरा आता ‘प्रशस्त’ हा शब्द कुठेही लिहीत नाही. आणि मीही शहाणी झालेय! माझ्या फोनवर जाऊबाईंना मुळीच शोधत नाही. त्यासाठी मी सासूबाईंचा फोन वापरत होते. दूध तापेपर्यंत एकदा, घास गालात असेपर्यंत दोनदा. पण परवा बघते तर काय, सदतिसाव्या जाऊबाई त्या फोनवरही पहिल्या! खरंच शिकून वर आल्या, की तोही फोन मीच बिघडवला, कळायला मार्ग नाही! नवरा त्याचा फोन देत नाही. उशीखाली घेऊन झोपतो.

तेव्हा एक कराल का? तुमच्या फोनवर जाऊबाईंचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. तो कोरा आहे. ‘भाड्याने घर’ शोधा आणि हाताची घडी घातलेली, मान जराशी तिरकी, शेजारी पिवळ्या फुलांची फुलदाणी, अशी बाई कितव्या नंबरवर आहे, तेवढं बघून मला कळवा. आमचं नाही बघितलंत तरी चालेल. त्यांचंच बघा.

पण एकदाच हं! सारखं सारखं बघू नका. नाहीतर तुमच्याही फोनवर त्याच पहिल्या यायच्या, मग मी जायचं कुणाकडे?